मंतरखात्याची मालकी ताईबाईंकडे

मी, शालिग्राम हिलाल पाटील, वय त्रेसष्ट, धंदा पाट्या रंगवणे व चित्रकथा काढणे, राहणार मेहरूण, जळगाव, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने नव्हे तर आपखुशीने हे लिहून ठेवत आहे. चहाखेरीज कशाचाही अंमल माझ्यावर नाही. डॉक्टरांनी काळजीचे काही सांगितलेले नाही. पण मागच्या महिन्यात पाटी रंगवताना शिडीवरून पडलो आणि पडता पडता मनात आले, माझी 'मंतरखातं' ही चित्रकथा कोणाच्या नावावर करायची राहिली की! यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. मेहरूणमधील दोन खोल्या, बँकेतील शिल्लक आणि चोपडा तालुक्यातील वडिलोपार्जित शेतातला माझा हिस्सा, हे सर्व माझी पत्नी सौ. ताईबाई हिला मिळावे. माझे थोरले बंधू मगननाना यांना विनंती, की बांध आहे तिथेच राहू द्यावा. दर नांगरटीला तो आमच्या बाजूला सरकतो. बांधाला पाय नसतात हे मला ठाऊक आहे, आणि नानांनाही.

२. 'मंतरखातं' या चित्रकथेचे सर्व हक्क, मूळ चित्रे आणि छपाईचे ठोकळे ताईबाईला. तिचा हा हक्क कसा, ते इथे सांगणे भाग आहे.

१९८३ साली मी ही चित्रकथा सुरू केली. सातपुड्याच्या पोटात सरकारचे एक गुप्त खाते आहे, तिथे भगत, मांत्रिक, जादूगार सरकारी नोकरीत आहेत आणि मंत्रांवर संशोधन चालते, असा तिचा मामला. अदृश्य व्हायचे तर आधी तीन प्रतींत अर्ज. संचालिका एक म्हातारी डाकीण. ती बाजेवर बसून उडते आणि दिल्लीहून आलेल्या साहेबालाही दाराबाहेर जोडे काढायला लावते. पाचोऱ्याला लोटन महाजनांच्या प्रेसमध्ये छापायचे आणि एसटी स्टँडवर, जत्रांत विकायचे.

लोकांना ते खरेच वाटे. एकदा धुळ्याहून साध्या कपड्यातले एक गृहस्थ आले. चहा घेतला आणि हळूच म्हणाले, "हे तुम्हाला आतून कोणी सांगितलं?" मी म्हणालो, "साहेब, सातबाऱ्यासाठी एका कचेरीत खेटे घातले. फायली अदृश्य होताना तिथे डोळ्यांनी पाहिल्या." ते खूप हसले आणि जाताना पुढचा अंक कधी येणार ते विचारून गेले.

१९८५ च्या पावसाळ्यात एक बाई माझ्या मेहरूणच्या पाट्यांच्या दुकानात आली. हातात अंक. बसली नाही, पाणी मागितले नाही. संचालिकेच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पेंटर, हिले पगार कितला शे?"

मी चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"माले बठ्ठं गाव डाकीण म्हणस. मी बिनपगारी शे. हाई नोकरी माले द्या."

ती चोपडा तालुक्यातल्या आमच्याच गावची ताईबाई, नवरा वारून बरीच वर्षे झालेली. गावात वासरे पटापट मरत होती आणि मगननाना चावडीवर सांगत सुटले होते, "ह्या बाईनी नजर लागनी." विहिरीवर तिला कोणी उभे करीना. येत्या बाजारादिवशी तिला गावाबाहेर काढायचे, असे ठरत होते. हे सांगताना तिचा आवाज जराही कापला नाही. माझा मात्र कुंचला हातातच वाळला.

मी तिला समोर बसवून तिचे चित्र काढले. नव्या अंकात जुनी संचालिका निवृत्त झाली आणि तिच्या जागी नावानिशी ताईबाई आली. अंक गावात पोहोचले तशी पोरे तिच्या दारात जमू लागली. "आक्का, बाज उडाडी दखाड ना!"

गुरांचे डॉक्टर सुकदेव वाघ हे माझे जुने वाचक. त्यांना मी सगळी हकिगत सांगितली. बाजारादिवशी चावडीवर माणसे जमलेली असताना त्यांची सरकारी जीप तिथे येऊन थांबली. डॉक्टर उतरले आणि सर्वांसमक्ष ताईबाईला नमस्कार करून म्हणाले, "संचालिकाबाई, गुरं तपासायची परवानगी द्या."

पोरे ओरडली, "मंतरखात्यानी जीप उनी!"

डॉक्टरांनी एक आजारी वासरू तिथेच तपासले. हा फऱ्या रोग आहे, तो जंतूंनी होतो, कोणाच्या नजरेने नाही, आणि लस टोचली तर बाकीची गुरे वाचतील, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. मग ताईबाईकडे वळून म्हणाले, "पहिलं जनावर कोणाचं घेऊ?"

मगननाना खाली बघत होते. त्यांना वाटले, आपली गुरे आता शेवटी राहणार.

ताईबाई म्हणाली, "पहिले मगनभाऊना वासरं टोचा. त्यासना घर धाकल्या नाती शेतस, दूध लागस."

त्यानंतर तिला गावाबाहेर काढायची भाषा कोणी केली नाही. नानांनी तिची माफी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिची घागर त्यांनी स्वतः भरून दिली. ते मी माफीच धरतो.

पुढे दर महिन्याला ताईबाई दुकानात यायची, गोष्ट सांगायची आणि मी चित्रे काढायचो. तिने खात्यात भुतांची युनियन काढली, तेव्हा मी हसून हसून शाई सांडली. १९८७ साली आम्ही जळगावात रजिस्टर लग्न केले. त्या वयात लाजताना फार मजा येते, हे अनुभवाने लिहितो.

३. मुंबईच्या एका प्रकाशकाला संचालिका तरुण आणि गोरी करून हवी होती. माझ्यामागे तो पुन्हा आल्यास त्याला चहा द्यावा, हक्क देऊ नयेत.

४. सर्व अंकांचा बांधलेला संच मगननानांना. पाचोऱ्याच्या प्रेसवरून ते १९८६ पासून "नातवासाठी" म्हणून अंक नेतात. नातू १९९० साली जन्मला. आता त्यांनी उघड वाचावे.

५. चावडीवर आलेली जीप मी पुढच्या अंकात काढली होती; तिचे मूळ चित्र तेवढे डॉ. सुकदेव वाघ यांना. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

६. कुंचले आणि रंग ज्याला पाट्या रंगवण्याची हौस असेल त्याला. शिडी मोडून जाळावी.

७. माझ्यामागे ताईबाईने टिकली, बांगड्या काही उतरवू नये. तेराव्याला रडारड नको. शेवभाजी करावी, झणझणीत. डोळ्यांत पाणी आलेच तर ते तिखटाने यावे.

हे सर्व मी ताईबाईला आत्ताच वाचून दाखवले. ती चुलीवर वांगी भाजत होती. ऐकून घेतले, पदराने नाक पुसले आणि म्हणाली, "पेंटर, भरीत थंडं होई जाई. पहिले जेवी ल्या, मरानं मंग देखू."

सबब इथे सही करून जेवायला बसतो.

(सही) शालिग्राम हिलाल पाटील

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली व ज्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या :
(सही) लोटन दगडू महाजन, प्रेसमालक, पाचोरा
(सही) भटू राजाराम सोनवणे, शेजारी, मेहरूण. दोघांनाही जेवायला थांबवले आहे.

ठिकाण : मेहरूण, जळगाव
तारीख : ९ जानेवारी १९९४