अक्काकडे बघत शिकलेलं काम

अक्का,

तू मला तोंडानं काहीच शिकवलं नाहीस. पारोळ्याच्या गल्ल्यांतून चार वर्षं मी तुझ्या मागे फिरले, पण हे असं धर, ते तसं कर, असं तू कधी सांगितलं नाहीस. माझं पहिलं मूल तुझ्याच हातात आलं आणि सव्वा महिना व्हायच्या आत गेलं. मी घरात कुणाशी बोलेनाशी झाले, तेव्हा सासूबाईंना विचारून तू मला बाळंतिणींकडे पाणी तापवायला न्यायला लागलीस. मी पाणी तापवायची आणि तुझ्याकडे बघायची. दुसऱ्या सुइणी आल्या आल्या पदर खोचून पोटाला हात घालायच्या. तू आधी राखेनं कोपरापर्यंत हात घासायचीस, सुरी नि दोरा उकळत्या पाण्यात टाकायचीस, आणि मग बाईच्या उशाशी बसून ती काय जेवली ते विचारायचीस.

पिंजाऱ्याच्या घरचा दिवस मला अजून दिसतो. सून अडली आहे, मूल पायाळू आहे. पाय दिसताहेत, सासू ओढ म्हणते आहे, आणि तू मांडीवर हात ठेवून बसली आहेस. कळ आली की सुनेला जोर करायला सांगतेस, कळ गेली की पुन्हा थांबतेस. सून किंचाळली तशी मी तिला म्हणाले, हळू, बाहेर पुरुष माणसं आहेत. मूल रडलं, सगळं निस्तरलं, आणि परतताना तू रस्त्यात थांबलीस.

"दुखस तिले, लाज तुले काबर वाटस?"

त्यानंतर मी कुठल्याच बाईला गप्प केलं नाही.

तू गेल्यावर काही वर्षांनी धुळ्याच्या दवाखान्यात सुइणींसाठी शिकवणी सुरू झाली, तिथे मी शिकायला गेले. अक्षरंही तिथेच गिरवली. डॉक्टरीणबाईंनी माझं काम बघून विचारलं, आधी कुणाकडे शिकलीस? तुझं नाव घेतलं आणि मला रडू फुटलं. बाईंना वाटलं, आठवणीनं.

आता माझ्या मागेही दोन मुली फिरतात. त्याही फार विचारत नाहीत, बघतात. गेल्या आठवड्यात मात्र एकीनं विचारलं, अक्का कशी गेली? मी नेहमीचंच सांगितलं. गावात तापाची साथ होती, तरी अक्का बाळंतिणींकडे जात राहिली आणि तापानं पडली. मी पेज घेऊन गेले, तर आत येऊ नको म्हणून तिनं मला दारातूनच परत पाठवलं. मुलीचे डोळे भरले. असं माणूस शिकवायला मिळायला नशीब लागतं, म्हणाली.

तू तसं म्हणाली नव्हतीस. घोंगडीवर पडल्या पडल्या मान वळवलीस आणि आत बोलावलंस. "मझार ये वं, माय." मी पेजेचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं, आत्ता येते म्हटलं आणि घरी आले. दोन दिवसांनी तुला स्मशानात नेलं.

माझ्या पोटात तेव्हा दुसरं होतं, हे खरं. पण मी त्याच्यासाठी मागे फिरले नाही. मला माझ्याच जिवाची भीती वाटली. हे त्या मुलींना कसं सांगायचं ते जुळवायला म्हणून आज लिहायला बसले, आणि लिहिलं ते तुला. कागद लुगड्यांच्या खाली ठेवते आहे. मुलींना अजून सांगितलेलं नाही.