गांजावाले सर

५ जानेवारी
हे वर्ष पीएचडीचं. डिसेंबरला थिसिस सबमिट, नावाआधी डॉ., मग सगळ्यांची तोंडं बंद. विषय सहा वर्षांपासून पक्का आहे: कॅनाबिनॉइड्स आणि वाढत्या वयातला मेंदू. लोकांना वाटतं गांजातलं द्रव्य फक्त गांजात असतं. तसलीच द्रव्यं आपला मेंदू स्वतः बनवतो. बाळ आईच्या पोटात असल्यापासून मज्जातंतूंना वाट दाखवायला ती लागतात. त्यातल्या एकाचं नाव तर आपल्या 'आनंद' शब्दावरून ठेवलंय. उमरग्यात हे ठाऊक असलेला मी एकटा.
गाईड सर फोन उचलत नाहीत. निवृत्तीनंतर माणूस कामात जास्तच अडकतो.
धावल्यानं ही द्रव्यं रक्तात वाढतात. उद्यापासून पहाटे पाचला धावणे. सहाला लेखन.

६ जानेवारी, सकाळी ९.४०
थंडी. शिवाय धावण्याचा परिणाम परदेशात सिद्ध झालेला आहे. तोच प्रयोग मी करणं म्हणजे डुप्लिकेशन.

१४ जानेवारी
तुळजापूरचं स्थळ. नाव भैरवी. शाळेत विज्ञान शिकवते. फोटोत हसलेली नाही, तरी चांगली दिसते. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. त्यामुळं आतापर्यंतची स्थळं चहा पिऊन गेली. या वेळी बाबांनी आधीच सांगून ठेवलंय की मुलाची डॉक्टरेट संपत आलीय. खोटं काही नाही. लेखन तेवढं बाकी आहे. आणि गांजा ओढणाऱ्यांचा सर्व्हे.

१८ जानेवारी
तुळजापूरला बघायचा कार्यक्रम. भैरवीनं विचारलं, संशोधन नेमकं कशावर? इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी मनापासून विचारला नव्हता. मी सांगितलं. मेंदूत एक पेशी बोलते, दुसरी ऐकते. पहिलीचं फार झालं की ऐकणारी पेशी ही द्रव्यं उलट्या दिशेनं सोडते आणि बोलणारी थांबते. पोह्यांवरचं खोबरं सुकेपर्यंत सांगितलं. तिचे वडील दोनदा उठून आत जाऊन आले. मोठ्या घरची माणसं, कामं असतात.
भैरवी म्हणाली, म्हणजे ऐकणाराच बोलणाऱ्याला पुरे म्हणतो तर. किती तल्लख! त्यावर मी आणखी सविस्तर सांगितलं.
शेवटी तिनं विचारलं, यातलं तुम्ही स्वतः काय शोधलंत? म्हटलं, फील्डवर्क चालू आहे. म्हणजे परवापासून चालू करतो.
जाताना तिचे मामा, जळकोटचे, म्हणाले की बाकी ठीक हाय, आमी जरा चार ठिकाणी चौकशी करतो. करा म्हटलं. खुशाल करा. कर नाही त्याला डर कशाला.
येताना गाडीत आईला सांगितलं, हिच्याशीच करणार. हे मात्र मी अगदी मनापासून लिहितोय.

२० जानेवारी
फील्डवर्क सुरू. हायवेवरच्या बलभीमच्या हॉटेलात ऐन गर्दीला उभं राहून विचारलं: इथं गांजा कोण ओढतं? कुठून आणता? पहिल्यांदा कितव्या वर्षी? सगळं हॉटेल चिडीचूप. दोन ट्रकवाले अर्धा चहा टाकून निघून गेले. विज्ञानाचा दरारा असतो. बलभीम कानाशी येऊन म्हणाला, सर, जरा हळू बोला की. म्हटलं, ज्ञान हळू बोलून वाढत नाही.
उत्तरं: शून्य. पण वातावरणनिर्मिती उत्तम.

२४ जानेवारी
मुरूमचा बाजार. एकानं बाजूला घेतलं, गोदामामागं नेलं आणि विचारलं, किती पायजे? मी म्हणालो, अभ्यासाला वजन यायचं तर शंभर तरी हवेत, त्यातही कोवळी पोरं असली तर उत्तम. त्यानं हात जोडले. म्हणाला, सर, आमी लहान मानसं, पोरांच्या भानगडीत आमाला घेऊ नगा. आणि सायकल तिथंच टाकून पळाला.
गुन्हेगाराच्या मनातही अपराधभाव असतो. स्वतंत्र प्रकरण होईल.

२९ जानेवारी
जळकोट. आज खरा डेटा! शिवारात बांधावर एक म्हातारबुवा चिलीम ओढत बसलेले. समोर बसून निरीक्षण केलं. स्वतः ओढली नाही. संशोधकानं अंतर राखायचं असतं. वारा मात्र माझ्याच दिशेनं होता. बुवांना वय विचारलं तर म्हणाले, कुनाचं?
डोळे चोळत, खोकत रस्त्यावर येतो तो समोर मोटारसायकलवर भैरवीचे मामा! म्हटलं, फील्डवर्क. त्यांनी माझ्या डोळ्यांकडं बराच वेळ पाहिलं. शर्टाचा वासही घेतला असावा. मग घरी चहाला नेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तीन प्लेट भजी खाल्ली, वर गूळ मागून घेतला. मामी दारातूनच बघत होत्या. मामा दर भज्याला मान हलवत होते.
छाप पडली.

३ फेब्रुवारी
प्रसिद्धी मिळते आहे. चौकात पोरं माझ्याकडं बोट दाखवून 'गांजावाले सर' म्हणतात. विषयाशी नाव जोडलं जाणं ही मोठी गोष्ट, भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की या महिन्यात तास घेऊ नका, विश्रांती घ्या. लेखनाला वेळ मिळावा म्हणून.
आणि मुख्य बातमी: मामा चौकशीला बलभीमकडं येऊन गेले! बलभीमनं स्वतः सांगितलं. तो म्हणे मामांना म्हणाला, सर मानूस लई सज्जन हायेत. सकाळ-संध्याकाळ गांजाचंच बोलतेत, पर कुनाला तरास न्हाय.
यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट कोण देणार? त्याला मिठी मारली.

८ फेब्रुवारी
नकार.
मामांनी बाबांना फोन केला. नारायणराव, तुमच्याकडं बघून वाईट वाटतंय, पोराला सांभाळा, म्हणाले. बाबा तहसीलमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कुणापुढं मान खाली घातली नाही. आज जेवले नाहीत. आईनं माझे खिसे तपासले. बडीशेप निघाली, तीही तिनं हुंगून फेकून दिली.
संध्याकाळी भैरवीचा फोन. म्हणाली, मला हे पटत नाही. ज्याला गांजा ओढायचाय तो हॉटेलात उभा राहून पत्ता विचारत नाही. मी मामांना समजावते, फक्त काहीतरी कागद द्या. विद्यापीठाचं नाव असलेला, नाहीतर गाईडचा फोन नंबर.
माझ्या बाजूनं कुणी एवढं कधी भांडलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ हसू आवरेना. उद्याच्या उद्या कागद. पहाटे पाचला उठणे.

९ फेब्रुवारी, दुपारी
विद्यापीठात फोन केला. क्लार्क म्हणाला, अडीच वर्षांपूर्वीच तुमचं नाव कमी झालंय. एकही प्रोग्रेस रिपोर्ट नाही, एकदाही हजेरी नाही, गाईड निवृत्त झाल्यावर दुसरा घेतला नाही. काही नाहीच म्हटल्यावर आम्ही ठेवणार काय? सिस्टीमची चूक असणार. क्लार्क लोकांना मूलभूत संशोधन कळत नाही.
भैरवीचा फोन आला. नेटवर्क नव्हतं. म्हणजे होतं, पण माझ्याकडून नव्हतं.

१२ फेब्रुवारी
शांत डोक्यानं विचार केला. दोनच वाटा. एक: सांगायचं की गांजा ओढत नाही, आणि संशोधनही नाही, सहा वर्षं नुसता घरात बसून होतो. दोन: गांजा राहू द्यायचा. व्यसनी माणसाबद्दल लोकांना कणव असते, तो सुधारतो, त्याचा सत्कारसुद्धा होतो. नाव कमी झालेल्याचा सत्कार कुठं ऐकला नाही.
बाबांसमोर मान खाली घालून म्हणालो, चुकलं माझं. बाबा रडले. म्हणाले, तरीच. तरीच तुझं काही होत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, कारण सापडल्याची. मलाही बरं वाटलं.
भैरवीचा मेसेज: घरात सगळ्यांशी भांडले मी तुमच्यासाठी. एकच सांगा, ओढता का?
'हो' लिहिलं. पाठवलं. ही ओळ लिहिताना हात जड झालाय. वातावरण दमट आहे.

१६ फेब्रुवारी
उमरग्यातलं व्यसनमुक्ती केंद्र. समुपदेशक शिवलीला मॅडम, वयानं लहान. त्यांनी भिंतीवरच्या चित्रावर मला माझाच विषय समजावून सांगितला: मेंदू स्वतःची द्रव्यं मोजूनमापून सोडतो, कोवळ्या वयात बाहेरून भडिमार झाला तर ती घडी विस्कटते. चहा निवायच्या आत सांगून झालं. बाबा म्हणाले, आत्ता कळलं. मी सहा वर्षं त्यांना हेच सांगत होतो! मॅडमनी विचारलं, केव्हापासून चालू आहे? म्हटलं, सहा वर्षं.
लघवीची तपासणी आहे. निगेटिव्ह आली तर काय, हा विचार आत्ता आला. पण निराश व्हायचं कारण नाही. जळकोटला धूर चांगला छातीत गेला होता. हे द्रव्य चरबीत साठून राहतं, मी वाचलंय. आणि चरबी माझ्याकडं आहे.

१९ फेब्रुवारी
निगेटिव्ह.
शिवलीला मॅडमना म्हटलं, किट खराब असेल, परत तपासा. त्या म्हणाल्या, पॉझिटिव्ह यावी म्हणून भांडणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतेय. बाबांना म्हणाल्या, यांना कधीच काही नव्हतं, घरी न्या.
आईनं गल्लीत साखर वाटली. बाबांनी ताठ मानेनं जळकोटला फोन लावला, आमचं पोरगं निर्व्यसनी आहे म्हणून. मामा म्हणाले, आनंद झाला. भैरवीचं कालच ठरलं. मुलगा लोहाऱ्याला असतो, कशावरच संशोधन करत नाही.
मग बाबा माझ्यासमोर येऊन बसले. रागानं नाही, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, उत्कर्ष, गांजा नव्हता, तर मग सहा वर्षं तू करत काय होतास?
म्हटलं, सांगतो. आईनं गॅस बंद केला, तीही येऊन बसली. दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आज कुणी उठून आत गेलं नाही, कुणी पुरे म्हणालं नाही. मला पहिलं वाक्य सुचेना.
उद्या सकाळी सांगतो म्हणालो. पाचला उठणार आहे.