नदीकाठच्या बाईचं पुढे काय झालं

पिरनवाडी, बेळगाव
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप बायाक्कांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे मंगलचा, इथूनच वाकून नमस्कार. (भाग्यलक्ष्मी, आधी सासूबाईंना निवांत बसू दे, तुझा चष्मा शोध आणि मग मोठ्यानं वाच. तुझी शाळा संकेश्वरची, कानडी, हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर सुटं सुटं काढलंय. जे लिहिलंय तेच वाच. मधलं गाळू नकोस, पदरचं घालू नकोस.)

तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी रुईचं पान गरम करून बांधलं. दोन दिवसांत पाय पुरळानं भरला आणि गुडघा दुखायचा थांबला, कारण सगळं लक्ष पुरळाकडे लागलं. औषध चांगलं आहे. इथे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आपल्या सौरवची रचना वेळेवर जेवते, वेळेवर कॉलेजला जाते, फक्त वेळेवर बोलत नाही; कानात बोंडं घालून बसते. मी आले ती तिला दोन वेळचं करून घालायला. तुम्ही फोनवर विचारलंत, “नातीला भाकरी घालाय गेलीस का तिच्या वर्गात बसाय?” तेव्हा मी हसून विषय मोडला, पण मनात खात होतं. आता लिहूनच सांगते. आक्का, मी खरंच तिच्या वर्गात बसते. स्पॅनिश शिकते, आणि तेही मध्यम पातळीचं. येत्या शुक्रवारी माझी तोंडी परीक्षा आहे. तिथे मला तुमच्या भावानं आपल्या अंगणात वाचलेली एक गोष्ट सांगायची आहे. तिचा शेवट मला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी हे पत्र. पण क्रमानं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बेळगावचं पाणी लागलं.

झालं असं. रचनानं गेल्या वर्षी ही भाषा घेतली, बेंगळूरला कुठल्या कंपनीत उपयोगी पडते म्हणून. ती खोलीत येरझाऱ्या घालत धडे घोकायची आणि मी मेथी निवडत ऐकायची. कान काही झाकून ठेवता येत नाहीत. वर्ष सरता सरता ती अडली की मीच पुढचं वाक्य सांगायला लागले, आणि तिला त्याचा राग यायला लागला. यंदा कॉलेजनं नियम काढला की संध्याकाळच्या वर्गाला पंधरा माणसं नसतील तर वर्ग बंद. भरली चौदा. बाहेरच्यांनाही प्रवेश आहे म्हटल्यावर पोरीनं माझाच फॉर्म भरला आणि मला सांगितलं की रेशनकार्डाचं काम आहे, सही कर. प्रवेशाची चाचणी तोंडी होती. मी उत्तरं दिली. बाहेर आल्यावर कळलं की रेशनकार्डाचं काही नव्हतं. (तसा मला संशय आला होता. रेशनच्या ऑफिसात आपल्याला आजवर कुणी ‘कशा आहात, कुठून आलात’ असं विचारलेलं नाही.)

शिकवायला ओमकार सर आहेत. आपल्याच नंदगडकडचे, शेतकऱ्याचा मुलगा, हैदराबादला जाऊन शिकून आलेले. ते मला मानानं ‘दोन्या मंगल’ म्हणतात. तिकडे मोठ्या बायकांना तसं म्हणायची रीत आहे. आपण घरात मराठी, दूधवाल्याशी कानडी, भाजीवाल्याशी हिंदी बोलतो आणि बँकेत इंग्रजीत गप्प बसतो, तेव्हा पाचवी भाषा काही फार जड गेली नाही. जड गेलं ते वेगळंच. मध्यम पातळीला आलं की नुसतं नाव-गाव सांगून भागत नाही, हॉटेलात जाऊन जेवण मागवावं लागतं. ऐन श्रावणी सोमवारी, उपाशीपोटी, मला आठ पायांचा समुद्री प्राणी मागवायला लावला आणि वर वेटर झालेल्या पोराला ‘जरा जास्त शिजवा’ असं सांगायला लावलं. मी सरांना आधी विचारून घेतलं की नुसतं मागवल्यानं उपास मोडतो का. ते म्हणाले, खाल्ल्यावर मोडतो. तरी घरी येऊन देवापुढे उदबत्ती लावली.

मग एके दिवशी तंबाखूचा धडा आला. आक्का, जरा सरसावून बसा. स्पॅनिश बोलणाऱ्यांचा क्यूबा म्हणून एक देश आहे, बेटच आहे. तिथे सिगार वळतात. (आपण पानात तंबाखू भरतो, ते तंबाखूच तंबाखूच्या पानात गुंडाळतात. लाड दुसरं काय.) तिथल्या कारखान्यांत शेकडो माणसं ओळीनं बसून वळत असतात, आणि पुढे उंच खुर्चीवर एक माणूस बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. त्याला ‘लेक्तोर’ म्हणतात. सर हे सांगत होते आणि मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. मध्यम पातळीचं सगळं विसरून मी मराठीत म्हणाले, “हे तर आमच्या घरातलं हाय.” पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, सांगा.

काय सांगणार आणि किती? पत्र्याखाली बिड्या वळणाऱ्या आपण अकरा जणी, मांडीवर सूप, पायाशी ओल्या फडक्यात पानं, आणि उंबऱ्याला पाठ लावून हे. तंबाखूच्या वखारीतल्या धुळीनं ह्यांची छाती भरली, डॉक्टरनं काम सोडायला लावलं, आणि घरी बसलेला माणूस करणार काय म्हणून वाचनालयातून पुस्तक घेऊन आले. शेजारचा शामू भिंतीवरून म्हणायचा, “भावकू, बायकांत बसून काय करतोस रं?” हे म्हणायचे, “वाचतोय.” “मग मिशी तरी काढ.” “मिशी हाय म्हणून तर ऐकत्यात.” आठ दिवसांनी शामूच भिंतीला कान लावून बसायला लागला. खोकला आला की हे बोट वर करायचे, आपण सगळ्या हात थांबवायचो, खोकला सरला की बोट खाली आणि गोष्ट पुढे. मला तर वाटायचं खोकलासुद्धा पुस्तकातच लिहिलेला आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुम्हालाही कधी सांगितली नाही. हे पुस्तकात असायचं ते सगळंच वाचत नव्हते. आठवतं, जयाबाईची लेक पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते, आणि गोष्टीतलीही एक बाई बाळंत व्हायची होती? ह्यांनी वाचलं की तिला जुळी झाली, दोघं गुटगुटीत. दुसऱ्या दिवशी जयाबाईनं गोष्टीतल्या बाईसाठी डबाभर डिंकाचे लाडू आणले. ‘पोचवतो’ म्हणून ह्यांनी ते ठेवून घेतले आणि चार दिवस खाल्ले. तुम्हाला ठाऊक आहे, माझी शाळा दुसरीपर्यंत. पण पुढे काय होतं ते कळायची मला इतकी घाई, की दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी पुस्तक उघडून अक्षरं जुळवत बसायची. असं जुळवत जुळवत मी वाचायला शिकले. ते पुस्तक पुरं करायला मला अख्खा पावसाळा लागला, आणि त्यात ती बाई बाळंतपणात मेली होती. जुळी नाहीत, गुटगुटीत नाही, काही नाही.  ह्यांना जाब विचारायचा ठरवलं. तेवढ्यात जयाबाई नातीला काखेत घेऊन आली आणि बसली पानं कापायला. मी पुस्तक होतं तिथे ठेवलं. पुढे एकोणीस वर्षं मी बोलले नाही. हे रोज वाचायचे, मी ऐकायची, आणि दुपारी गुपचूप बघायची की आज कुणाला वाचवलं.

वर्गात हे एवढं सगळं सांगितलं नाही. थोडं सांगितलं. सर म्हणाले, परीक्षेत हाच विषय घ्या. आधी वर्गाला बिडी कशी वळतात ते दाखवा, मग त्यांच्या पद्धतीनं एक गोष्ट सांगा, स्पॅनिशमध्ये. मीही हुरळले. निपाणीहून आपल्या मनुबाईकडून पानं, दोरा आणि चांगली मापटंभर तंबाखू मागवली आणि पिशवी घेऊन कॉलेजच्या फाटकावर गेले. तिथला भरमू वॉचमन पिशवीत नाक घालून मागे सरला. त्याच्या डोक्यावर हाताएवढ्या अक्षरांत पाटी होती की या आवारात तंबाखू आणायला बंदी आहे. वर्षभर मी त्या पाटीखालून ये-जा करत होते, पण जन्म तंबाखूत गेलेल्या माणसाला ती पाटी आपल्यासाठी असेल असं वाटतच नाही. मला प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे नेलं. ते कानडीत म्हणाले, आज्जी, या वयात हा धंदा? मी म्हणाले, धंदा नाही, संस्कृतीचा अभ्यास आहे.  शेवटी ओमकार सर धावत आले. असं ठरलं की पानं आत जातील, तंबाखू भरमूपाशी राहील. (भरमूनं ती राखली. परत मिळाली तेव्हा मापट्याला थोडी कमी होती.)

मग आम्ही चहाची पूड भरून बिड्या वळल्या. आक्का, पोरींची नखं एवढाली. पान कापायच्या आधी फाटायचं. एकीनं तर पानाचा द्रोण केला आणि तिला वाटलं जमलं. मी ओळीतून फिरायला लागले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. “ही ढिली. ही तोंडाला उघडी. ही छाटात टाक.” कारखान्याचा तपासनीस आपल्या बिड्या जशा फेकायचा, तशाच मी फेकत होते. आयुष्यभर ज्या माणसाला शिव्या घातल्या, तोच माझ्या अंगात आला. रचना तोंड लपवून बसली होती. चौदा जणांच्या मिळून एकोणीस बिड्या पास केल्या, त्याही सरांच्या भिडेनं. मग दोन पोरी वळायला बसल्या, मी खुर्चीवर बसून ह्यांचं पुस्तक हातात घेतलं, आणि मला एक अक्षर वाचता येईना. ह्यांच्या जागी बसल्यावर काय होतं ते आधी लक्षातच आलं नव्हतं. सरांनी तास लवकर सोडला.

गोष्ट कुठली, ते तुम्ही ओळखलं असेल. नदीकाठच्या बाईची. नवरा पैलतीराला गेला तो आलाच नाही, आणि ती रोज नावाड्याला विचारते, ती. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती, नाव कुणालाच माहीत नव्हतं. ही ह्यांनी वाचलेली शेवटची गोष्ट. तिचा शेवट वाचला त्या दिवशी मी सौरवबरोबर कोल्हापूरला गेले होते, ह्यांच्या छातीचा रिपोर्ट आणायला. रिपोर्ट कसा होता ते तुम्हाला ठाऊक आहे. बसमधून उतरून घरी आले तर तुम्ही सगळ्या डोळे पुसत होता आणि हसतही होता, जयाबाईच्या तर हातातलं सूप सांडलं होतं. मी विचारलं, काय झालं त्या बाईचं? कुणी सांगायच्या आत हेच म्हणाले, “तुला येतंय की वाचायला. वाच.” आणि माझ्याकडे बघून हसले. एकोणीस वर्षं मी समजत होते की माझी चोरी ह्यांना कळलेली नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी हे गेले. मग विचारायचं राहिलं, आणि तुम्हीही आपणहून कुणी तो विषय काढला नाहीत.

मी पुस्तक वाचलं आहे. त्यात ती बाई एका संध्याकाळी पाण्यात चालत जाते, एवढंच लिहिलंय. तेवढ्यावर जयाबाईचं सूप सांडणार नाही. ह्यांनी काहीतरी वेगळं सांगितलं असणार. तुम्ही समोरच बसला होता. नऊ वर्षं झाली, तरी आठवून बघा. माझ्या मार्कांचा प्रश्न आहे, म्हणून तातडीनं कळवावं.

घरात सगळ्यांना माझं विचारणं सांगा. गुडघ्याला रुईचं पान बांधू नका.

तुमची,
मंगल

ता. क. वर मी परीक्षा येत्या शुक्रवारी आहे असं लिहिलंय. ती गेल्याच शुक्रवारी झाली. पणजीहून एक बाई आल्या होत्या परीक्षा घ्यायला. मी नावाड्यापर्यंत सगळं नीट सांगितलं, मग थांबले आणि स्पॅनिशमध्येच म्हणाले की पुढचं मला माहीत नाही, त्या दिवशी मी गावात नव्हते. त्या बाईंनी काहीतरी लिहिलं. मी पास आहे. रचना म्हणते, गोष्ट अशी अर्ध्यात सोडायची हल्ली पद्धत आहे, त्यांना ती फार आवडली. तेव्हा मार्कांचं काही नाही. परीक्षेचं नाव घेतल्याशिवाय मला विचारवेना.

पुन्हा ता. क. येत्या रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला येते. भाग्यलक्ष्मी, तू शेवट लिहून घेऊ नकोस, फोनवरही सांगू नकोस. आक्का, मला तो तुमच्या तोंडून ऐकायचा आहे, पत्र्याखाली बसून. अगदीच आठवत नसेल तर मनानं रचून सांगा. मला कळेल. मी बोलणार नाही.