खरखर काढताना

२ मार्च
नवी नोकरी, नवी कचेरी! जुन्या ध्वनिमुद्रणांचा इथे नुसता डोंगर आहे: मुलाखती, भाषणं, कुणाकुणाची रडगाणी. मला खुर्ची खिडकीजवळची मिळाली, हेडफोनही कोरा. काम मजेचं आहे. कॉम्प्युटरला एका ओळीची कमांड द्यायची: या फोल्डरमध्ये सापडेल ती प्रत्येक फाइल घे, तिच्यातली खरखर काढ, नवी प्रत ठेव, जुनी पुसून टाक. मग आपण पाय पसरून चहा प्यायचा. साफ झालेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, असं विभागप्रमुख बाईंनी दोनदा बजावलं. मी मान डोलावली.

३ मार्च
चाचणीला घरचीच फाइल घातली. आमची चार वर्षांची टिल्ली म्हणतेय, "आई, लवकर ये गं," आणि मध्येच तिचा तो भुंकल्यासारखा खोकला. कमांडने खोकला अलगद उचलून बाजूला काढला. वेगळ्या फोल्डरची कटकट मी केलीच नाही.
घरी गेले तर टिल्लीचा खोकला बंद! त्याच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. नवऱ्याला म्हटलं, बघ माझा हातगुण.

५ मार्च
घोळ झालाय. साफ केलेली प्रत त्याच फोल्डरमध्ये पडते, कमांडला ती नवी म्हणून सापडते, आणि ती पुन्हा साफ करत बसते. टिल्लीची फाइल किती फेऱ्या फिरली देव जाणे. नवऱ्याचा फोन आला, टिल्ली हसतेय पण हसण्याला आवाज नाही. कमांड थांबवली. मूळ फाइल तर केव्हाच पुसली गेली. हे सगळं मीच केलं.

६ मार्च
टिल्लीचे ओठ हलतात — बाकी काही नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. थांबवलेली कमांड चालूच आहे. पडद्यावर ओळी येतच राहतात: टिल्लीची फाइल सापडली, साफ केली, सापडली — बाईंना दाखवलं तर त्यांना पडदा कोरा दिसला. फाइल दुसरीकडे हलवली. तिथेही सापडली. मला फार भीती वाटतेय.

७ मार्च, सकाळ
नवरा म्हणतो, तिच्या श्वासालाही आवाज नाही. घरी जावं तर इथे हे कोण थांबवणार —

दुपार
शेवटची प्रत ऐकली. शब्द नाहीत, श्वास नाही. फक्त ठोके. ते मुद्रण केलं तेव्हा फोन तिच्या छातीवर होता — आता कमांडला हीच खरखर वाटणार — तार उपटली. पडदा काळा. हेडफोनमध्ये ठोके चालूच. मंद — फोन वाजतोय. घरून. थांब रे, नाही उचलत, आधी पुढचा ठोका ऐकू दे, येईलच, आत्ता —