डबीच्या आधीची तार

बाबा, तुमच्या दुकानातल्या टेबलावर आज मी मामाने नागपूरहून आणून दिलेला तो जुना कॉम्प्युटर उघडला, टीव्हीला जोडायचा तो. आता असल्या यंत्रांचे हौशी लोक जगभर आहेत. ते सांगतात, टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारी आतली पत्र्याची डबी वगळा, चित्र तिच्या आधीच उचला. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, थोडी तार, बस. वाचून मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. दहावी नापास टीव्ही मेकॅनिकने हेच मला पांढुर्ण्यात बसून सांगितलं होतं.

मी तेव्हा नववीत होते. पडद्यावरची अक्षरं थरथरायची, कडांना मुंग्या लागल्यासारखं दिसायचं. तुम्ही नेहमीसारखा टीव्हीसमोर आरसा टेकवता, मागे बसून त्यात चित्र पाहता आणि म्हणता, "या डब्बीनंच घोय करून ठेवला. आंधीच तार काढतो, मंग पाह्य कसं साफ दिसते तं." मी फटकन म्हणते, "आरशात तुमाले अक्षरं उलटी दिसून राहिली, अन् इंग्रजी तं सुलटीही वाचता येत नाही. हात नका लावू." समोर रामाकोना गावचं गिऱ्हाईक बसलेलं. तुम्ही त्याच्याकडे पाहून हसलात आणि पेचकस खाली ठेवला.

शनिवारी शाळेतून आले, तर तुम्ही ते काम करून ठेवलं होतं. टीव्हीच्या आतही तार जोडली होती. "पाहून तं घे, बाई," एवढंच म्हणालात. मी उभ्याउभ्या पाहिलं आणि सांगितलं, "पहिल्यापेक्षा खराब झालं. होतं तसं करून द्या." तुम्ही पेचकस उचलला. जेवायच्या आत सगळं पूर्वीसारखं केलंत.

त्यानंतर कुणाचाही टीव्ही दुरुस्त झाला की तुम्ही आतून मला हाक मारायचात, "बाई, जरा पाह्य वं. मले आजकाल नीट समजत नाही वाटते." शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही मलाच विचारत राहिलात. आणि मी ऐटीत येऊन पाहायचे.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहायची हिंमत होते आहे. त्या शनिवारी चित्र साफ होतं, बाबा. मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं.