पाटीवरचा बिंगो

प्रिय ताई,

सगळ्यांत आधी टपकली ती मुलाची आत्या, तीही माझे केस ओले असताना! (तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस. धाकटीचा नमस्कार घे.) मागून मुलगा आणि त्याचे आईवडील आले, आमच्या नातीला बघायला. नातीच्या ऑफिसातलाच तो. पोरगी जेवताना दहादा त्याचं नाव घेते, पण लग्नाचं काढलं की म्हणते, "त्याच्या मनात काय आहे, मला काय ठाऊक?" तोही तसलाच. अशानं दोघं म्हातारी व्हायची.

आता बिंगोचं ऐक. ऑफिसातली माणसं एकमेकांना इंग्रजीत लिहितात, त्यात मध्येच हा शब्द एकटा उभा असतो. पुढे एक काठी, खाली टिंब. मी विचारलं तर नात म्हणाली, "आजी, हा मूळचा खेळातला. आकडे जुळले की ओरडायचं. पण लिहिताना, शोधत होतो नेमकं तेच सापडलं, की बिंगो!" तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या पाटीवर कात्री सापडली, बिंगो, किल्ली सापडली, बिंगो. सगळे लिहितात. मी मात्र "मला मेलीला कुठलं येतंय" म्हणायचे आणि दुपारी चोरून गिरवायचे. (माझा इंग्रजी बी जरा ढेरपोट्या येतो.)

तर त्या दिवशी चहा झाला, आत्या हवापाण्यावर बोलून दमली, ही दोघं आपली कपात बघतायत. मला राहवेना. आत जाऊन पाटी पुसली, चष्मेवाल्या मुलाचं तोंड काढलं, खाली लिहिलं, बिंगो! काठी-टिंबासकट. मग बाहेर येऊन म्हटलं, "अरे, हाताला बिस्किटाचा चुरा लागलाय तुझ्या, आत जाऊन धुऊन ये बघू."

आला तो कानापर्यंत लाल होऊन. मग नात कप ठेवायला गेली ती येईचना. मी डोकावले, तर माझ्या चित्राशेजारी त्यानं कुरळ्या केसांची मुलगी काढलेली, खाली त्याचा बिंगो. पोरगी पाटी छातीशी धरून उभी! बाहेर आल्यावर दोघं अशी बोलत सुटली, की आत्याला तोंड उघडायला फट मिळेना.

तुझी,
धाकटी

ता.क. रविवारी येताना तुझे कप आण. आमच्या निम्म्यांचे कान गेलेत.

ता.क. आणखी एक, खरं त्यासाठीच लिहितेय. तिला वाटतं दोन्ही चित्रं त्यानं काढली, त्याला वाटतं पहिलं तिनं. तेव्हा सगळ्यांदेखत माझ्या इंग्रजीचं कौतुक करू नकोस. मला इंग्रजी अक्षरओळख नाही, कळलं? मंडळी येत्या रविवारी परत येतायत.