म्हैस बाहेर, गाडी आत

४ नोव्हेंबर, सोमवार

म्हैस बाहेर अन् गाडी आत! कुणी ऐकलंय का असलं? पाडव्याला नातवानं, सिद्धलिंगानं, हैदराबादहून गाडी आणली अन् आल्या आल्या माझी म्हैस शेडातनं सोडून लिंबाखाली बांधली. का? तर गाडीच्या रंगाला ऊन सोसत न्हाय. म्हशीला सोसतंय व्हय? काळीच हाय म्हणून?

बोलले तर बसप्पा म्हणतो, "अव्वा, जरा दमानं. लई नाजूक वस्तू हाय." बसप्पा म्हंजे माझा पोरगा, ह्या दिवट्याचा बाप. मिशा पांढऱ्या झाल्या पण पोरापुढं मान वर न्हाय. नाजूक म्हणं! नाजूक वस्तू देव्हाऱ्यात ठेवावी, वस्तीवर कशाला आणावी?

हायवे रुंद झाला, त्यात आपलं रान गेलं. रानाचं जे आलं त्याची गाडी आली. म्हंजे रान रस्त्याखाली गेलं अन् पैका रस्त्यावर हिंडायला निघाला.

त्यात ती बी जुनी. हैदराबादच्या कुण्या सेठनं वापरून टाकलेली. सिद्धू म्हणतो, "आज्जी, जुनी न्हाय म्हणायचं. प्री-ओन्ड म्हणायचं." सेठनं सोडलेली चप्पल घातली तर हा तिला बी असंच कायतरी म्हणंल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीला आवाजच न्हाय. सकाळी अंगणात तूर पाखडत व्हते, मागं वळले तर ही पाठीशी येऊन उभी! सूप हातातनं सुटलं. सिद्धू आत बसून दात काढतोय. "हायब्रिड हाय आज्जी. हळू असली की बॅटरीवर, जोर लागला की पेट्रोलवर."

म्हंजे दोन घरची पाव्हणी. ह्याचं बी खाती, त्याचं बी खाती.

चालताना आवाज न करणारं जनावर म्या एकच बघितलंय. साप.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सून महानंदानं गाडीच्या तोंडाला लिंबू-मिरची अन् बिब्बा बांधला. दृष्ट लागाय नको म्हणून. गाडी सुरू केली की कोकलायला लागली! पुढं कायतरी आडवं हाय म्हणती. व्हय की, लिंबू हाय! एवढी हुशार गाडी, लिंबाला भिती. सिद्धूनं वाकून वाकून जागा बदलली, मग गप झाली. आता लिंबू एका कानाला लोंबकळतंय.

महानंदाचं तोंड पडलं. म्हणाली, "आत्याबाई, मधोमध पायजे व्हतं." म्या म्हणलं, तुझ्या पोराच्या गळ्यात बांध. दृष्ट त्यालाच लागलीय, गाडीची.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज कळलं गाडी कशाला आणली ते. महानंदा भाकऱ्या थापताना बोलली. "दारात गाडी असली की रंजीला स्थळं बरी येतील."

रंजी म्हंजे शिवरंजनी, सिद्धूची धाकटी बहीण. औषधाचं शिकलीय. नळदुर्गला मेडिकलवर बसती. रोज सकाळी वडापच्या जीपात कोंबून जाती, अन् हिच्या लग्नासाठी आणलेली गाडी शेडात झोपलेली! एकदा म्हणली, "दादा, सोड की नळदुर्गाला." तर म्हणला, "पाय मळके हायत तुझे."

लोहाऱ्याचं स्थळ आलंय. पोरगा गौरीशंकर, सोलापुरात बँकेत हाय. डिसेंबरच्या एक तारखेला, आयतवारी, बघायला यायलेत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीच्या आतल्या सीटा पांढऱ्या. माणसानं बूड टेकायच्या जागी पांढरं! हे शिवणाऱ्यानं कधी खेडं बघितलं नसंल.

पाव्हण्यांच्या डोक्याचं तेल लागंल म्हणून महानंदानं माझी वाकळ मागितली. जुन्या नऊवारींची शिवलेली, चांगली जाड. दिली. मागच्या सीटवर हातरून कडा दोन्ही बाजूंनी घट्ट खोचल्या. रंजी गाडीचं पुस्तक वाचत व्हती. म्हणाली, "दादा, सीटच्या बगलेला जाळी हाय. तिथनं बॅटरीला वारा जातोय. झाकू नको."

सिद्धू म्हणला, "तू गोळ्या मोज."

सगळे हसले. म्या बी हसले. टोला चांगला बसला व्हता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आता ऐका. बिनआवाजाची गाडी घेतली अन् आज तिला आवाज बसवून आणला! हायवेवरच्या अल्ताफच्या गॅरेजात चार दिवस पडून व्हती. मागं दोन नळकांडी लावलीत, तोफंसारखी. हळू असली की मुकी, जोर लागला की फाटलेला ढोल. अन् बुड खाली घेतलं. का? तर रुबाब दिसतोय. कमरेत वाकलेल्या माणसाचा रुबाब कधी दिसला न्हाय मला. दिसत असंल तर माझा बी दिसायला पायजे.

अल्ताफ सोडायला आला व्हता. त्याला म्हणलं, तुला तरी अक्कल? तर हसून म्हणतो, "अम्मा, म्या नको म्हणलो. बोले तो दुसऱ्याकडं जाता म्हणला. मग म्याच केलो, कमीत कमी नीट तरी केलो."

हायवेवरनं वस्तीकडं वळली अन् पोट दगडावर बसलं. चौघांनी उचलून आणली. डोलीतली म्हातारी बरी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मुरूम पडला! हायवेपासनं दारापर्यंत, ट्रॅक्टर लावून, एका दिवसात. गाडीचं पोट घासाय नको म्हणून.

रंजी चार पावसाळे ह्याच वाटंनं कॉलेजला गेली. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत. बसप्पाला किती सांगितलं, बाबा दोन खेपा टाक. "टाकू की अव्वा, टाकू की." आता पडला. पोरीच्या पायाला न्हाय, गाडीच्या पोटाला.

लिहिताना पेन दाबलं, कागद फाटला. खताच्या दुकानाची फुकटची डायरी, असलाच कागद असायचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

उंदरानं गाडीची वायर खाल्ली. ह्या घरात कुणीतरी कामाचं निघालं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

वायर जोडली. हैदराबादहून माणूस आला, जेवून गेला, भाकरी जाड हाय म्हणला.

सिद्धू फिल्टरच्या पाण्यानं गाडी धुतोय. बोअरच्या पाण्याचे डाग पडत्यात म्हणं. तेच पाणी पिऊन आमच्या पोटात काय झालं असंल त्याची फिकीर न्हाय.

१ डिसेंबर, रविवार

पाव्हणे येऊन गेले. पाय दुखायलेत पण लिहितेच.

पोरगी बघायला आले अन् गाडीच बघत बसले. पोराचा बाप गुरुनाथप्पा, पोट पुढं, गळ्यात जाड साखळी. चहा घेऊन रंजी उभी, तर हा बाहेर गाडीच्या तोंडात मुंडकं घालून! ॲव्हरेज किती, बॅटरी किती वर्षं, नंबर महाराष्ट्राचा कधी होणार. सिद्धू असा फुललेला, जणू बाळंतपण त्याचंच झालंय. रंजीला मात्र एकच विचारलं. "भाकरी येती का?" रंजी म्हणाली, "येती. तुमाला?" महानंदानं तिला चिमटा काढला. माझ्या तोंडातलं पान बाहेर यायचं राहिलं.

पोरगा बोलला न्हाय. बापापुढं तोंड उघडत न्हाय म्हंजे आपल्या बसप्पाचंच वाण, असं म्या मनात म्हणलं.

मग गुरुनाथप्पा म्हणला, "चला, नळदुर्गचा किल्ला दाखवून आणा गाडीतनं." पुढं सिद्धू अन् तो. मागं एका कडंला रंजी, एका कडंला पोरगा, मधी म्या. सोबत म्हणून. बांधासारखी! खाली माझी वाकळ. एसी असा सोडला की माझे दात वाजले. गुरुनाथप्पा म्हणतो, "अजून वाढव."

किल्ला लांबनंच दाखवला. गुरुनाथप्पाला गाडी पळवून बघायची व्हती. अणदूरच्या अंगाला निघालो. सिद्धूनं पाय दाबला, नळकांडी बोंबलली, अन् समोरच्या टीव्हीवर लाल अक्षरं. ट्याँव ट्याँव. गाडी ढिली पडत पडत एका ढाब्यापुढं मेली.

सिद्धू बटणं दाबतोय. गुरुनाथप्पा आतच बसून, "काय रे हे, काय रे हे." ट्रकवाले बाजंवर पडलेले, उठून बसले. एक जण ओरडला, "साहेब, एवढी भारी अन् धक्का स्टार्ट?"

पोरगा उतरला. पांढरा सदरा. बाह्या सारल्या अन् मागनं ढकलायला लागला. बाप म्हणला, "गौरी, कपडे!" त्यानं ऐकलं न्हाय. तवा दोन ट्रकवाले बी आले अन् गाडी रस्त्याच्या कडंला गेली. बाप तिच्यातच बसलेला. त्याच्यासकट ढकलली.

सिद्धूनं हैदराबादला फोन लावला. तिकडचा म्हणला, "मागच्या सीटवर काय हातरलंय का?" वाकळ उचलली. खाली जाळी, जाळीत वाकळीचं भुसकट. बॅटरी आतल्या आत भाजली.

आता दोष माझ्या वाकळीचा! सिद्धू माझ्याकडं असं बघतोय की म्याच पेटवून दिली. म्हणलं, बाबा, ह्या वाकळीखाली तुझा बाप वाढला, तू वाढलास, दोघं बी भाजला न्हाईत. एक गाडी झोपवली तर मेली!

वाटलं, आता रंजी बोलंल – म्या सांगितलं व्हतं म्हणून. न्हाय बोलली. ढाब्यावर जाऊन बाजंवर बसली अन् चहा सांगितला. स्वतःपुरता न्हाय, सगळ्यांना. पोरगा काळे हात घेऊन तिच्यापाशी गेला. तिनं तांब्यातलं पाणी हातावर ओतलं. काय बोलत व्हती कळलं न्हाय, ट्रकांचा आवाज. गाडी ओढायला ट्रॅक्टर येईस्तोवर दोघं बोलत व्हती. घरी आल्यावर विचारलं, काय म्हणत व्हता गं? तर म्हणाली, "काय न्हाय आज्जी, साबणाचं." साबणाचं एवढं काय बोलायचं असतंय?

३ डिसेंबर, मंगळवार

मध्यस्थाचा निरोप आला. पोरगी पसंत. देणंघेणं काय नको. "फक्त ती गाडी दुरुस्त करून पोरीसोबत द्या."

फक्त म्हणं! अंबारी मागायची अन् हत्तीचं नाव घ्यायचं न्हाय.

महानंदा रडली, आनंदानं. बसप्पा म्हणला, "देऊन टाकू. बँकेतला पोरगा परत मिळायचा न्हाय." तर सिद्धू उठला! "गाडी देणार न्हाय! म्या तिच्यावर काय काय बसवलंय तुमाला ठावं हाय का?" शेडात जाऊन गाडीपुढं आडवा पडला. जेवला न्हाय. बहिणीच्या तापात कधी उपाशी राहिला न्हाय हा.

म्या बसप्पाला सांगितलं, गाडी मागणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाय. आज गाडी, उद्या रान, परवा तुझ्या डोक्यावरचं पागोटं. नकार कळव.

म्हंजे माझं अन् सिद्धूचं एकमत झालं. जन्मात पहिल्यांदा. त्याला गाडी जाईल म्हणून नको, मला पोरगी जाईल म्हणून नको. पण तोंडातनं शब्द एकच आला, त्याची किळस वाटली.

रंजी मेडिकलवरनं आली, हातपाय धुतले, भाकरी केली. आमचं भांडण चालूच व्हतं. ताटं वाढली अन् म्हणाली, "जेवून भांडा."

५ डिसेंबर, गुरुवार

बसप्पानं काल नकार कळवला. मिटलं.

आज ट्रकवर चढवून गाडी हैदराबादला नेली. नवी बॅटरी परदेशातनं येणार, कधी ते सांगत न्हाईत. सिद्धू ट्रकमागं हायवेपर्यंत चालत गेला. सासरी जाणाऱ्या लेकीमागं बाप जातोय तसा. डोळे पुसत आला. म्या म्हणलं, पूस, पण फिल्टरच्या पाण्यानं.

म्हैस शेडात बांधली. दोन दिवस झाले, रंजी कमी बोलायलीय. थकली असंल. मेडिकलवर उभं राहायचं काम.

७ डिसेंबर, शनिवार

फोन आला. मध्यस्थाचा न्हाय, पोराचा. स्वतः बोलला. "गाडी माझ्या वडलांनी मागितली, मला न विचारता. मला गाडी नको. तुमचा नकार गाडीला असंल तर परत सांगा. मला असंल तर परत फोन करणार न्हाय."

बसप्पाच्या हातात फोन तसाच. महानंदा माझ्याकडं बघती, सिद्धू माझ्याकडं बघतोय. "अव्वा, आता काय सांगायचं?"

माझ्याकडं काय बघता? पोराला म्या बघितलंच कुठं? मधी बसून गाडीवर बोलत आले.

सांगितलं ते इथं बी लिहून ठेवते, म्हंजे उद्या कुणी फिरवाय नको. बसप्पानं फोन टेबलावर ठेवायचा. महानंदानं रडायचं न्हाय, आनंदानं बी न्हाय. सिद्धूनं घसा सुद्धा खाकरायचा न्हाय. संध्याकाळी पोरगी आली की तिला चहा द्यायचा, मग फोन द्यायचा, अन् आपण चौघांनी बाहेर निघायचं – म्या बी. व्हय असो का न्हाय असो, उत्तर रंजीनंच द्यायचं.